आधी किल्ला, मग महाराज

मालवणच्या किनाऱ्यावरून समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली त्याचा पाया घातला गेला; साडेतीनशेंहून अधिक पावसाळे त्या तटाने अंगावर घेतले. याच किनाऱ्यावर, राजकोट किल्ल्यात, ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. एक पावसाळाही त्याला पुरता निभावता आला नाही. पुढे २०२५ साली तेथे त्याहून उंच पुतळा उभारण्यात आला. मुंबईच्या समुद्रातील ज्या स्मारकाचे २०१६ साली जलपूजन झाले, तेही दोनशे मीटरांहून उंच योजलेले. थोरवी फुटपट्टीने मोजण्याची ही रीत आपण कुठून उचलली?

पुतळे नकोतच, असे माझे म्हणणे नाही. पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला करमरकरांचा अश्वारूढ पुतळा पाहावा. त्याचा दरारा उंचीत नाही, घोडा आणि स्वार यांच्या एकजीव घडणीत आहे. सिंधुदुर्गावरचे शिवराजेश्वराचे मंदिर तर लहानसेच; पण तेथे मान आपोआप लवते. आणि रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकराने आपले नाव कुठे कोरले? जगदीश्वराच्या पायरीवर!

१८९५ साली टिळकांनी निधीची चळवळ केली, ती रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी. त्या पिढीच्या लेखी आहे ते सांभाळणे, हेच स्मारक होते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतील जिंजी. मान मिळाला, पण तटाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ मानाने उपटत नाही. चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासले, तर आतली ओल कोंडून दगडच झिजतो. तेथे चुना मळणारा जाणता गवंडीच हवा. ही कामे चिकाटीची, बिनबोभाट. गाळ काढलेल्या टाक्यापुढे फीत कोण कापणार?

म्हणून माझे मागणे साधे आहे. नव्या स्मारकाचा चौथरा बांधण्यापूर्वी त्याच मुलखातल्या एका गडाची डागडुजी पुरी करावी, आणि तिचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात धरावा.

यात नवे काही नाही. या दिवसांत आपली मुले अंगणात हेच करतात. आधी दगडमाती रचून किल्ला करतात, अळीव पेरतात, आणि सर्वांत शेवटी महाराजांना सिंहासनावर बसवतात. किल्ला ढासळू लागला, तर महाराजांची मूर्ती मोठी आणा, असे त्यांच्यातले कुणी म्हणत नाही. ती मुकाट्याने माती लिंपू लागतात.