‘बिनशर्त’ हा शब्द जरा तपासू या

दर 17 सप्टेंबरला नांदेडपासून लातूरपर्यंत झेंडावंदनानंतरच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं: मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला. टाळ्या पडतात. माझी टीका या वाक्यावर आहे. ते अर्धंच खरं आहे आणि राहिलेलं अर्धं आपल्याला महाग पडलंय.

28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार काढून वाचा. त्यावर मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांच्याही सह्या आहेत. विकास आणि प्रशासनासाठी महाविदर्भ, मराठवाडा आणि उरलेलं राज्य असे तीन घटक धरलेत. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष द्यायचं, त्याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवायचा, असंही लिहिलंय. आता ही अट नाही तर काय? विदर्भाने हा कागद जपला, नागपूरचं अधिवेशन पदरात पाडून घेतलं. आपण त्यागाची गोष्ट सांगत बसलो.

आणि ‘बिनशर्त’ म्हणताना आपण त्या पिढीला भोळं ठरवतो, हे लक्षात येतंय का? निजामाच्या राज्यात राजकीय सभेची चोरी होती, तेव्हा यांनी 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरवली, भाषेच्या नावावर. 1938 साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तेव्हा हीच माणसं सत्याग्रह करून तुरुंगात गेली. कुठे आडून बोलायचं आणि कुठे उघड भिडायचं, हे त्यांना पक्कं कळत होतं. स्वामी रामानंद तीर्थांना हैदराबाद संस्थानाचं भाषावार विसर्जन हवं होतं, ही निष्ठा होतीच. पण निष्ठा असली म्हणून हिशेब सोडला, असं होत नाही.

राज्यघटनेत 371(2) हे कलम 1956 साली आलं, विकास मंडळ स्थापन व्हायला 1994 उजाडलं, आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. त्यावर आपल्याकडे किती आवाज झाला, ते तुम्हीच आठवा.

कुणी म्हणेल, मुख्यमंत्री तर आपलेच होते. होते ना! शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. चौघेही या दोन जिल्ह्यांचे. तरी 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि 2009 साली आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून आपण आपसातच भांडलो. मुंबईला याहून सोयीचं काय असणार?

येत्या 17 सप्टेंबरला कुणी करारातलं ते अहवालाचं कलम वाचून दाखवणार असेल, तर मी पहिल्या रांगेत येऊन बसतो. चला, आता प्रश्न घेऊ या.