करवंदाची जाळी आणि ९०० नोट्स : जुने 'कलेक्टाथॉन' परत आणताना नेमकं काय हरवतं?

मे २०१५ मध्ये प्लेटॉनिक गेम्स नावाच्या एका छोट्या ब्रिटिश स्टुडिओने किकस्टार्टरवर झोळी पसरली. ही मंडळी मूळची रेअर कंपनीतली, म्हणजे १९९८ चा 'बॅन्जो-कझूई' जिथे तयार झाला तिथली. वचन साधं होतं : तुमच्या लहानपणीचा गेम पुन्हा करून देतो. ७३ हजारांहून जास्त लोकांनी मिळून २० लाख पौंडांच्या वर रक्कम दिली. एप्रिल २०१७ मध्ये 'यूका-लेली' आला आणि त्याचं स्वागत अगदीच संमिश्र झालं. काहींना हवं तेच मिळालं. बऱ्याच जणांना मात्र दोन-तीन तासांत कंटाळा आला.

त्यानंतर दोन प्रकारची मतं ऐकू आली. एक : हा गेमप्रकारच आता जुना झाला. दोन : खेळाडूंमध्ये पूर्वीसारखा धीर राहिला नाही. मला ही दोन्ही मतं पटत नाहीत. का पटत नाहीत ते सांगायला मी माझ्या पीएचडीच्या विषयातलं एक हत्यार वापरणार आहे. प्राणी अन्न कसं शोधतात आणि कधी शोधणं थांबवतात, हा माझा विषय. आणि कलेक्टाथॉन म्हणजे दुसरं काय? एका जागेत विखुरलेल्या वस्तू शोधून गोळा करायच्या. मुंगीही तेच करते.

आधी ओळख. कलेक्टाथॉन म्हणजे त्रिमितीय जगात उड्या मारत फिरायचं आणि तारे, नाणी, पिसं असं काहीबाही वेचत जायचं. 'सुपर मारिओ ६४' (१९९६) मध्ये १२० तारे आहेत. 'बॅन्जो-कझूई'मध्ये कोड्याचे १०० तुकडे आणि संगीताच्या ९०० नोट्स, नऊ जगांत प्रत्येकी १००. 'डाँकी काँग ६४' (१९९९) मध्ये २०१ सोनेरी केळी, शिवाय हजारो रंगीत केळी. पाच माकडांपैकी प्रत्येकाने फक्त आपल्याच रंगाची केळी उचलायची! म्हणजे समोर केळं दिसतंय, पण ते उचलायला मागे जाऊन माकड बदलून यायचं.

आपल्याकडे ९० च्या दशकात निन्टेंडो ६४ फार थोड्या घरांत होता. बहुतेकांना माहीत असलेला 'टीव्ही गेम' म्हणजे आठ-बिटचा नक्कल-डबा आणि त्यात घालायची '९९९९९९ इन १' छापाची कॅसेट. त्यामुळे बॅन्जो हे माझं बालपण नाही. 'रेअर रीप्ले' या २०१५ च्या संग्रहातून तो मी पंचविशी ओलांडल्यावर पहिल्यांदा खेळले. समीक्षेसाठी ही सोयीची जागा आहे असं मला वाटतं. आठवणींचा गूळ नसताना पदार्थ कसा लागतो, ते कळतं.

करवंदं कधी सोडायची?

समजा मे महिन्यात तुम्ही करवंदं वेचायला गेलात. एका जाळीपाशी पोचल्यावर सुरुवातीला मूठ भराभर भरते. मग हाताशी आलेली संपतात, काटे लागायला लागतात, वेग मंदावतो. ही जाळी सोडून पुढच्या जाळीकडे कधी जायचं? एरिक चार्नोव्ह या परिस्थितीशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये याचं गणिती उत्तर दिलं. त्याला मार्जिनल व्हॅल्यू थिअरम म्हणतात. उत्तर असं : या जाळीतून मिळण्याचा आत्ताचा वेग जेव्हा सगळ्या रानात (चालण्याचा वेळ धरून) मिळणाऱ्या सरासरी वेगाइतका खाली येतो, तेव्हा उठायचं. जाळी पूर्ण रिकामी होईपर्यंत बसायचं नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. जाळ्या लांब लांब असतील तर प्रत्येक जाळीपाशी जास्त वेळ थांबणं फायद्याचं. आणि रान समृद्ध असेल तर जाळी लवकर सोडणं शहाणपणाचं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे.

आता हे डोळ्यासमोर ठेवून बॅन्जोकडे बघा. त्याची जगं आजच्या मानाने चिमुकली आहेत. अख्खा गेम १६ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला, तेव्हा पसरायला जागाच नव्हती. पण या अडचणीतूनच एक गुण आला. 'ट्रेझर ट्रोव्ह कोव्ह' घ्या. मधोमध डोंगर, त्यावर दीपगृह, एका बाजूला जहाज, एका बाजूला भला मोठा खेकडा. कुठेही उभं राहिलं तरी आपण कुठे आहोत ते कळतं. प्रत्येक ठिकाण ही एक स्वतंत्र जाळी आहे. तिच्या कडा दिसतात, आणि ती संपली की संपली हे कळतं.

दुसरं म्हणजे नोट्सची मांडणी. त्या फेकून दिल्यासारख्या पसरलेल्या नाहीत. चढावर रांगेने आहेत, पुलावर आहेत, कोपऱ्यावरून डोकावतात. पिरोली आणि कार्ड या संशोधकांनी १९९९ मध्ये माणसं माहिती कशी शोधतात यावर एक सिद्धान्त मांडला. त्यात 'माहितीचा गंध' अशी कल्पना आहे : पुढे काही मिळणार की नाही याचा अंदाज देणाऱ्या बारीक खुणा. बॅन्जोमध्ये नोट ही वस्तूही आहे आणि गंधही. ती सांगते, इकडे ये, इकडे काहीतरी आहे.

यूका-लेलीने काय उचललं, काय सोडलं

यूका-लेलीने जुन्या गेमचं सगळं दिसणारं रूप नीट उचललं. अस्वल आणि पक्ष्याच्या जागी सरडा आणि वटवाघूळ. बोलताना तोंडातून येणारे तेच गुरगुरते आवाज, तेच पांचट विनोद. बॅन्जोचे संगीतकार ग्रँट कर्कहोप इथेही आहेत आणि त्यांचं काम छानच आहे. वस्तूही आहेत : १४५ 'पेजी' आणि प्रत्येक जगात २०० पिसं.

पण जगं पाचच, आणि प्रत्येक प्रचंड. मोकळी मैदानं मोठी, खुणेच्या जागा लांब लांब. आणि मूळ आवृत्तीत नकाशा नाही. जाळीची कडच दिसत नाही, मग ती संपली की नाही हे कसं ठरवणार? खेळाडू अडकून राहतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच सापडत नाहीये.

याहून मोठी चूक मला 'विस्तारा'त दिसते. इथे पेजी देऊन नवं जग उघडता येतं, किंवा जुनंच जग मोठं करता येतं. कागदावर कल्पना झकास आहे. प्रत्यक्षात काय होतं? तुम्ही एक जग वेचून रिकामं केलेलं असतं. विस्तारल्यावर नवीन वस्तू येतात, पण त्यांच्यापर्यंत जायला तीच रिकामी जमीन तुडवावी लागते. वेचून झालेल्या जाळीत मध्येच चार करवंदं नव्याने टाकली तर सरासरी वेग वाढत नाही, घसरतो. चार्नोव्हचं गणित लावलं तर तो खेळाडू तिथून उठून गेला हे अगदी बरोबर आहे. त्यात धीर कमी पडल्याचा प्रश्नच येत नाही.

शेवटच्या पाच वस्तूंचा जाच

या गेमप्रकारात एक अंगभूत दुखणं आहे, ते बॅन्जोतही आहे. संभाव्यताशास्त्रात त्याला कूपन गोळा करणाऱ्याचा प्रश्न म्हणतात. समजा १०० प्रकारची कूपनं आहेत आणि प्रत्येक वेळी त्यातलं कुठलंही एक हाती येतं. सगळी जमवायला सरासरी किती वेळा हात घालावा लागेल? साधारण ५१९. त्यातली पहिली ५० मिळतात सुमारे ६९ प्रयत्नांत. आणि शेवटची फक्त ५ मिळवायला सुमारे २२८ लागतात! खेळाडू अगदीच आंधळेपणाने फिरत नाही, त्याला पाहिलेल्या जागा आठवतात, म्हणून प्रत्यक्ष आकडे कमी येतील. पण वक्र तसाच राहतो : कष्ट सगळे शेपटाला.

मूळ बॅन्जोमध्ये त्यावर मीठ चोळलेलं आहे. जग सोडलं किंवा मेलं की तिथल्या नोट्स पुन्हा जागेवर जातात, फक्त तुमचा सर्वोत्तम आकडा लक्षात राहतो. म्हणजे ९८ वर असताना दरीत पडलात तर पुन्हा शून्यापासून. २००८ च्या एक्सबॉक्स आवृत्तीत हे बदललं, उचललेली नोट कायमची तुमची झाली. जुन्या गेमचा 'आत्मा' वगैरे यात गेला असं मला तरी वाटलं नाही. 'मारिओ ६४'ने हे दुखणं वेगळ्या पद्धतीने टाळलं होतं : शेवटच्या लढाईला १२० पैकी ७० तारे पुरतात. शेपूट ज्याला हवं त्याने खावं.

आजचे गेम शेपटावर औषध देतात. 'अॅस्ट्रो बॉट'मध्ये (२०२४) पूर्ण केलेल्या पातळीत परत गेलात तर २०० नाण्यांना एक पक्षी मिळतो, तो राहिलेल्या वस्तूंकडे नेतो. 'सुपर मारिओ ओडिसी'मध्ये (२०१७) चंद्र कुठे आहे हे नाणी मोजून विचारता येतं, काही चंद्र तर सरळ दुकानात विकत मिळतात. हे औषध बेताने घ्यावं लागतं. प्रत्येक वस्तूवर बाण दाखवला तर शोध संपतो आणि किराण्याची यादी उरते. ओडिसीत ही धाकधूक मला जाणवली. ८०० हून जास्त चंद्र, त्यातले काही जमिनीवर एक धपका मारला की हाती येणारे. वेग भन्नाट, पण दहा मिनिटांपूर्वी काय मिळवलं ते आठवत नाही.

तरी ओडिसी चाललाच, आणि यूका-लेलीच्याच वर्षी. त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, लोकवर्गणीतूनच उभा राहिलेला 'अ हॅट इन टाइम' आला. त्यात वेचलेल्या लोकरीची टोपी शिवता येते आणि टोपीने नवं कसब मिळतं. वस्तूला उपयोग आहे. एका प्रकरणात तर आगगाडीत खुनाचा तपास आहे. जुन्या गेमचा वेष नाही, पण वेचण्याची मजा शाबूत. तेव्हा 'प्रकारच जुना झाला' हे मत इथे बाद होतं.

मग धीराचं काय?

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. रान समृद्ध असेल तर जाळी लवकर सोडणं शहाणपणाचं. १९९८ मध्ये दहा वर्षांच्या मुलाकडे एक महागडं कार्ट्रिज असायचं आणि पुढचं मिळायचं वाढदिवसाला. त्याचं रान उजाड होतं. तिथे ९०० वी नोट शोधत बसणं हा उत्तम निर्णय होता. तोच मुलगा २०१७ मध्ये नोकरी करतो, दिवसाकाठी तासभर मोकळा असतो, आणि त्याच्याकडे न उघडलेले कितीतरी गेम पडलेले असतात. माणूस तोच, नियमही तोच. बदललंय ते रान. म्हणून 'हल्लीच्या पोरांना धीर नाही' हे वाक्य मला आळशी वाटतं. मुंगीबद्दल असं कुणी लिहिलं तर आम्ही पेपर परत पाठवू.

हे मॉडेल सगळं सांगतं असा माझा दावा नाही. मुंगी करवंदाकडे बघून हळवी होत नाही, माणूस होतो. काहींना शेवटची नोट शोधण्यात खरंच शांतता मिळते. पण पुनरुज्जीवन करणाऱ्यांसाठी यात एक ठोस सूचना आहे. आठवणीत राहतं ते रूप : अस्वल, गाणं, विनोद. मजा देणारी यंत्रणा मात्र आठवणीत नीट उमटत नाही, कारण ती काम करत असताना दिसत नाही. त्यामुळे चाहत्यांना विचारून गेम केला तर रूपच परत येणार. छोटी जगं, दिसणाऱ्या कडा, वाट दाखवणाऱ्या वस्तू आणि ऐच्छिक शेपूट, हे कुणी मागणीपत्रात लिहीत नाही.

प्लेटॉनिकलाही ते उमगलं असावं. २०२५ मध्ये त्यांनी तोच गेम 'यूका-रिप्लेली' म्हणून नव्याने आणला, आणि त्यात नकाशा आहे, काय राहिलंय याची नोंदही आहे. किकस्टार्टरवर पैसे देणाऱ्यांपैकी किती जणांना तेव्हा 'नकाशा द्या' असं म्हणावंसं वाटलं असतं? माझ्या मते फारच थोड्यांना. ते पैसे बालपणासाठी देत होते, आणि बालपणाला नकाशा लागत नव्हता, कारण ते जग लहान होतं.