दोन गावांचे एक गाव

हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’ (१९६३) ह्या भयपटाची स्थळे पाहण्यास कॅलिफोर्नियातील बोडेगा बे येथे जाणारा रसिक प्रथम शाळा शोधतो. ती तेथे नाहीच. १८७३ सालची ती इमारत काही मैल आत, बोडेगा ह्या निराळ्या खेड्यात उभी आहे. पडद्यावर मात्र शाळेतून पळालेली मुले थेट किनाऱ्यावरील वस्तीत शिरतात. डॅफ्नी द्यु मोरिए हिची मूळ कथा (१९५२) कॉर्नवॉलची. तिच्यातील भूमी खरी असल्याने भयही संथपणे दाटत जाते. हिचकॉकने अंतरच कापून टाकले. पाठीमागे पक्षी असता मुलांना उसंत अशी उरत नाही. अशा प्रवाशाची निराशा, म्हणूनच, रसग्रहणाच्या कामी येते. पुस्तकी समीक्षेला हे मैल दिसत नाहीत.