यशाचा मार्ग आणि खेळाडूचे मन : भीष्मराज बाम यांच्या क्रीडाविचाराची चिकित्सा

प्रास्ताविक :

पराभवाचे कारण सांगताना ‘मनोबल खचले’ आणि विजयाचे कारण सांगताना ‘खंबीरपणा दाखविला’, अशी दोन ठरावीक विधाने मराठी क्रीडालेखनात वारंवार आढळतात. दोन्हींत मन हा उपजत स्वभाव मानलेला असतो. ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी आहे, नाही त्याच्यापाशी नाही. या समजुतीला मराठीत सातत्याने छेद देणाऱ्यांत भीष्मराज बाम यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. भारतीय पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या आणि स्वतः नेमबाज असलेल्या बाम यांनी नाशिक येथे राहून अनेक खेळाडूंना मानसिक प्रशिक्षण दिले. अंजली भागवत, सुमा शिरूर, राहुल द्रविड अशी नावे त्यांच्या संदर्भात घेतली जातात. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘मार्ग यशाचा’ हे मराठी आणि ‘विनिंग हॅबिट्स’ (२००८) हे इंग्रजी पुस्तक यांमागील विचाराची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

विवेचन :

या विचारातील कळीचा शब्द ‘सवय’ हा आहे. शिथिलीकरण, श्वासावरील लक्ष, करावयाच्या कृतीचे मनातल्या मनात चित्र उभे करणे, या गोष्टी रोजच्या सरावाने अंगवळणी पडतात, अशी बाम यांची धारणा आहे. पाश्चात्त्य क्रीडा मानसशास्त्रातही हीच तंत्रे आहेत. बाम यांनी त्यांची सांगड योगाशी घातली. याचा व्यावहारिक लाभ मोठा आहे. मानसशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे काहीतरी बिघडले असणे, हा ग्रह आपल्याकडे अजून गेलेला नाही. योगाच्या नावाने मात्र कोणीही डोळे मिटून बसतो.

तथापि, येथेच एक अंतर्विरोध उद्भवतो. योगशास्त्रात अभ्यासाच्या जोडीला वैराग्य आहे. खेळाडूने फळाचा विचार सोडून हातातील कृतीत राहावे, असे ही पद्धती शिकविते. पुस्तकांच्या शीर्षकांत मात्र ‘यश’ आणि ‘विनिंग’ आहे. जिंकण्यासाठी जिंकणे विसरावयाचे, हे व्यवहारात जमतही असेल. परंतु मग पद्धतीचे मूल्यमापन पदकांवरून करता येत नाही, हे मान्य करावे लागते.

पनवेलकरांना परिचित असलेले उदाहरण घेऊ. दहा मीटर एअर रायफल प्रकारात दहा गुणांचा केंद्रबिंदू अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि आठव्या आल्या. खेळाडू तीच, वर्षही तेच. पहिल्या निकालाचे श्रेय मनोबलाला आणि दुसऱ्याचा दोषही मनोबलाला, असे म्हणणारा प्रत्यक्षात काहीच सांगत नाही. शिरूर यांनी पुढे २००६ मध्ये पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. त्यांच्या मार्गदर्शनाखालील अवनी लेखरा यांनी टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदके जिंकली. शिष्येचे सुवर्ण हेही गुरूच्या आठव्या क्रमांकावरील उत्तर नव्हे. दोन्हींच्या मधल्या काळात काय शिकले-शिकविले गेले, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

‘एकाग्रता’ या संकल्पनेचाही पुनर्विचार आवश्यक आहे. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फवरील प्रयोगांतून असे मांडले की, दडपणाखाली निष्णात खेळाडू आपल्याच अंगवळणी पडलेल्या हालचालींकडे बारकाईने लक्ष देऊ लागतो आणि त्यामुळे त्याचे कौशल्य विस्कटते. म्हणजे लक्ष कमी पडते एवढेच नव्हे, ते नको तिथे जाते. ‘लक्ष दे!’ असे मैदानाच्या कडेने ओरडणाऱ्या प्रशिक्षकाने हे ध्यानात घ्यावयास हवे. श्वासावर लक्ष ठेवण्याचा बाम यांचा उपाय या दृष्टीने अधिक समंजस वाटतो, कारण त्यात लक्षाला हातापायांऐवजी दुसरीकडे जागा मिळते.

मात्र सर्वच अस्वास्थ्य सवयीने सुटणारे नसते. सिमोन बाइल्स यांनी २०२१ मध्ये टोकियोत सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, तेव्हा सराव कमी पडला असे म्हणणे हास्यास्पद ठरले असते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१९ मध्येच उच्चस्तरीय खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी सहमतीपत्र प्रसिद्ध केले होते. कामगिरी सुधारणे आणि दुःख हलके करणे ही दोन भिन्न कामे आहेत. ‘मनोबल’ या एकाच शब्दाने आपण ती एकत्र बांधून टाकली आहेत.

हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांनाही लागू आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपूर्वी एखादे प्रेरक व्याख्यान ठेवले की मानसिक तयारी झाली, असा समज बहुधा दिसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर क्रीडा व योग हे विषय श्रेयांकांच्या चौकटीत आले. तेथेही योगाचा तास आणि मैदानावरील सराव यांची गाठ पडेलच असे नाही. मानसशास्त्र विभाग आणि क्रीडा संचालक यांनी एकत्र बसून संपूर्ण हंगामाचे सराव-वेळापत्रक आखावे. त्याहून अवघड बाब गोपनीयतेची आहे. झोप न लागणारा, स्पर्धेच्या नावाने थरथरणारा विद्यार्थी हे कोणाजवळ बोलणार? संघनिवड ज्यांच्या हाती आहे त्यांच्याजवळ तो बोलणार नाही. म्हणून ऐकणारी व्यक्ती निवड समितीबाहेरचीच असली पाहिजे.