घाट, पोत, वीण आणि दोर

मराठी समीक्षेची परिभाषा तपासली की तिच्यात कारागिरांची वस्तीच आढळते. कवितेला 'घाट' असतो, तो भांड्याचा. गद्याला 'पोत' असतो, तो कापडाचा. कादंबरीची 'वीण' घट्ट असते, प्रतिमा 'कोंदणात' बसते. हे शब्द मला माझ्या प्राध्यापकांनी शिकवले आणि आज मी ते माझ्या विद्यार्थ्यांना शिकवतो. पण शब्द घरात घेतला आणि ज्याच्या हातचा तो शब्द त्याला उंबऱ्याबाहेर ठेवला, हा गावगाड्याचाच व्यवहार समीक्षेतही चालत आला आहे. शिवाय उसनवारीतही निवड आहे. कातडे कमावणारा, हलगी मढवणारा, दोर वळणारा यांच्याकडून समीक्षेने फारसे काही घेतलेले नाही. दोराच्या पिळावर भाषेत एक म्हण आहे, तीही हिणवणारी: सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मी दोर वळणाऱ्याच्या घरातला. घायपात पाण्यात कुजवायचा, झोडायचा, धुवायचा, वाळवायचा. त्या कुजक्या पाण्याचा वास शाळेत माझ्या सदऱ्याला येई आणि बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राही. वडील आकडा फिरवत, चुलते दुसरे टोक धरत. एकेका पेडाला आधी एका बाजूने पीळ द्यायचा आणि मग तिन्ही पेड उलट्या बाजूने एकत्र वळायचे. सुटा पेड सोडला तर तो उलगडतो. पण उलट वळला की त्याची उलगडण्याची ओढच दुसऱ्या पेडाला आवळून धरते. दोर टिकतो तो पेडांच्या एकमतामुळे नव्हे, त्यांच्या परस्परविरोधी ओढीमुळे.

आणि आई? तीन खाचांचे एक लाकूड पेडांमध्ये धरून ती हळूहळू सरकत असे. ती घाईने सरकली की दोर सैल, अडखळली की गाठ. दोराचा सारा घट्टपणा तिच्या पावलात होता. गावात मात्र तो दोर वडिलांचा म्हणून ओळखला जाई.

सामूहिक निर्मितीचा विचार करताना मला हा दोर आठवतो, आणि त्याच्या जोडीला लाल बावटा कलापथक. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी १९४४ साली ते उभे केले. एक वाटेगावच्या मांगवाड्यातला, एक बार्शीकडचा मुसलमान. दोघेही मजुरी केलेले. आपली समीक्षा या तिघांचे तीन वेगळे लेख करते: एक साहित्यिक, एक आवाज, एक संघटक. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना' गर्दीत गेली ती अण्णा भाऊंच्या शब्दांत आणि अमर शेखांच्या गळ्यात. तिथे निर्मिती कुठे संपली आणि सादरीकरण कुठे सुरू झाले? ज्या शाहिराला पुढच्या ओळीआधी श्वास घ्यायचा आहे, त्याच्यासाठी झीलकरी ध्रुपद धरून ठेवतो. तो श्वास कवितेच्या रचनेत आधीच धरलेला असतो. छापील पानावर तो दिसत नाही, म्हणून पानावरून समीक्षा करणाऱ्याला झीलकरी दिसत नाही. १९६९ साली, जुलै आणि ऑगस्टमध्ये, अण्णा भाऊ आणि अमर शेख पाठोपाठ गेले. त्यानंतर ग्रंथ उरले आणि आपण ग्रंथांनाच सारे काही समजलो.

मात्र या रूपकाशी सावध राहिले पाहिजे. 'गाव म्हणजे अनेक पेडांचा दोर' असे कुणी गोड शब्दांत म्हणाला तर मी त्याला हात जोडीन. बलुतेदारीही एकत्र कामच होती. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त मांडले. माझ्या वडिलांनी पेड व्हायचे की आकडा फिरवायचा हे निवडले नव्हते, जन्माने ठरले होते. कलापथकातल्या तिघांनी एकमेकांना निवडले होते. कारागिरीची रूपके वापरणाऱ्याने हा फरक गाळला, तर सहकार्याच्या नावाखाली तो बलुतेच परत आणतो. हातमाग, चाक, सुईदोरा यांचे कौतुक करणाऱ्या पांढरपेशा लेखनात हा फरक बहुधा गाळलेलाच असतो.

आता स्वतःकडे येतो, कारण दुसऱ्यांवर बोट ठेवणे सोपे आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या अकरा विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या प्रश्नावर एक पथनाट्य रचले. मी ओळी सुधारल्या, क्रम लावला. त्यातला सर्वांत बोचरा संवाद स्वयंपाकघरात भांडी घासून शिकणाऱ्या एका मुलीचा होता. तालमीत ती रागाने बोलून गेली आणि आम्ही तो जसाच्या तसा ठेवला. एका प्रकाशनाने संहिता मागितली. पुस्तिका छापून आली तेव्हा लेखक म्हणून एकच नाव होते, माझे. मानधनाचा चेक आला, तो मी वटवला. 'झीलकऱ्याचे काय' यावर मी त्याच महिन्यात एका परिसंवादात बोललो होतो. त्या मुलीने पुस्तिका चाळली, 'सर, छान छापलंय' एवढेच म्हणाली आणि परत दिली.

दुसऱ्या आवृत्तीत अकराही नावे घालावीत असे मी प्रकाशनाला कळवले. मुखपृष्ठावर एवढी नावे बसणार नाहीत, आत आभारात घालू, असे उत्तर आले. मुखपृष्ठावर माझे नाव ज्या ठळक टाइपात आहे तो लहान केला तर अकरा नावे सहज बसतात. मी पट्टी घेऊन मोजून पाहिले आहे. तसे पुन्हा लिहिले आहे.