ऐकणारी नूतन

'सुजाता'मधलं (१९५९) टेलिफोनवरचं गाणं आठवून पाहा. तिकडे सुनील दत्त रिसीव्हर हातात धरून गातोय, आवाज तलत महमूदचा. इकडे नूतन रिसीव्हर कानाला लावून ऐकतेय. तिच्या वाट्याला या गाण्यातली एकही ओळ नाही. नायक गायला लागला की नायिकेने काय करायचं, हे आपल्याकडे ठरलेलं असतं. लाजायचं, मान वळवायची, पदराशी चाळा करायचा, फार तर झाडाआड जायचं. पण इथे नायक समोर नाहीच, मग लाजायचं कुणापुढे? नूतन काहीच करत नाही. ती ऐकते. आणि गाणं संपेपर्यंत आपल्या लक्षात येतं, की आपण गाणाऱ्याकडे पाहतच नव्हतो.

नूतनबद्दल मराठीत लिहिताना 'सोज्वळ', 'सात्त्विक', 'सहज' हे शब्द न चुकता येतात. तिघांपैकी एकाचाही मला उपयोग वाटत नाही. 'सहज' म्हटलं की कष्ट दिसेनासे होतात, आणि 'सोज्वळ' म्हटलं की बाई देव्हाऱ्यात जाते. तिची आई शोभना समर्थ 'रामराज्य'मधली (१९४३) सीता. तेव्हा देव्हारा घरातच होता म्हणा. मुलगी मात्र 'दिल्ली का ठग'मध्ये पोहण्याच्या पोशाखात आली आणि 'तेरे घर के सामने'मध्ये देव आनंदची फिरकी घेताना मनापासून हसली. सोज्वळपणाचं लेबल तिला चिकटलं ते बिमल रॉय यांच्या दोन सिनेमांमुळे, आणि तेही ते सिनेमे नीट न पाहिल्यामुळे.

माझं म्हणणं साधं आहे. नूतनच्या अभिनयाचा गाभा तिच्या ऐकण्यात आहे. तिचे सगळ्यात मोठे क्षण दुसरं कुणीतरी बोलत किंवा गात असताना घडतात. 'सीमा'त (१९५५) ती आश्रमात आणून टाकलेली, चिडलेली, काचा फोडणारी गौरी आहे. त्या आदळआपटीचं कौतुक झालं, ते योग्यच. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती आणि या भूमिकेने तिला पहिलं फिल्मफेअर मिळवून दिलं. पण गौरी बदलते ती बलराज साहनीच्या तोंडी असलेल्या, मन्ना डे यांनी गायलेल्या प्रार्थनेत. कुणी तिला उपदेश करत नाही. तिच्या कानावर सूर पडतात आणि चेहऱ्यावरची एकेक गाठ सुटत जाते.

हे गाणं न कळणारीचं ऐकणं नव्हतं. आईनेच दिग्दर्शित केलेल्या 'छबिली'त (१९६०) नूतन स्वतःच्या आवाजात गायली, संगीत आपल्या स्नेहल भाटकरांचं. म्हणून ती दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवते तेव्हा गळ्याच्या शिराही गाताना दिसतात. आणि म्हणूनच, मला वाटतं, गप्प राहताना श्वास कुठे घ्यायचा हेही तिला कळत होतं.

आता आक्षेपाकडे येऊ. ऐकणारी बाई म्हणजे निमूट बाई, नाही का? पन्नाशीच्या दशकातल्या सिनेमाला अशीच बाई हवी होती, आणि नूतनने ती जरा जास्तच चांगली करून दिली, असं कुणी म्हणालं तर? 'सुजाता'पुढे हा प्रश्न खरोखरच टोकदार होतो. अस्पृश्य आईबापांची ही अनाथ मुलगी ब्राह्मण इंजिनिअरच्या घरात वाढते. घरातली बाई तिची ओळख 'मुलीसारखी' अशी करून देते. 'मुलगी' म्हणत नाही. शेवटी त्याच बाईला रक्ताची गरज पडते, जुळतं ते फक्त सुजाताचं, आणि मग ती 'मुलगी' होते. आज हे पाहताना घुसमटायला होतं. माणूस म्हणून मान्यता मिळवायला हिनेच रक्त द्यायचं, आणि ज्यांनी तिला आयुष्यभर उंबऱ्यावर ठेवलं त्यांनी फक्त बरं व्हायचं! जातीच्या प्रश्नाला सिनेमाने दिलेलं हे उत्तर सवर्णांच्या सोयीचं आहे. पटकथेत सुजाताला राग नाही.

पण नूतनच्या चेहऱ्यावर तो आहे. 'मुलीसारखी' हा शब्द कानावर पडतो तेव्हा तिच्याकडे बघा. ती दुखावल्याचा अभिनय करत नाही. ती तो शब्द मोजते, जणू किती वेळा ऐकला याचा हिशेब कुठेतरी चालू आहे. संवादांनी जे म्हणायचं टाळलं, ते नटीने ऐकण्यातून सांगून टाकलं. त्यामुळे 'सुजाता' वाचतो असं मी म्हणणार नाही. पण तो केवळ दयेचा सिनेमा राहत नाही, एवढं खरं.

'बंदिनी'त (१९६३) हा हिशेब पुरा होतो. जरासंध हे टोपणनाव घेणाऱ्या बंगाली लेखकाने तुरुंग अधिकारी म्हणून पाहिलेल्या जगातून ही कथा आली. नबेंदु घोष यांची पटकथा, कमल बोस यांचा कॅमेरा. कल्याणी रुग्णालयात राबतेय, एका चिडखोर रुग्ण बाईचं सगळं करतेय. ती बाई बिकाशची, आपल्याला सोडून गेलेल्या माणसाची, बायको आहे हे तिला कळतं. तिच्या शोधात शहरात आलेले वडीलही अपघातात गेलेले. त्या रात्री बाहेर लोखंडावर घण पडतोय, वेल्डिंगचा उजेड तिच्या चेहऱ्यावर भडकतोय आणि विझतोय. स्टोव्हवर चहा. एक शब्द नाही. ती घणाचे ठोके ऐकते, आणि कुठल्याशा ठोक्याला चेहऱ्यावरची बाई बदलते. चहात विष पडतं ते त्यानंतर.

हिंदी सिनेमात खून करणाऱ्या नायिका असतात, पण त्यांच्यासाठी बहुधा पळवाट ठेवलेली असते. अब्रू वाचवताना झाला, चुकून झाला, दुसऱ्याचा आळ घेतला. कल्याणीने केला आहे, आणि ती तसं स्वतःच्या तोंडाने सांगते. नूतन आपल्याकडे क्षमा मागत नाही. या बाईला 'सात्त्विक' कसं म्हणायचं?

शेवटाबद्दल भांडणं होतात. समजूतदार डॉक्टर (धर्मेंद्र) वाट पाहतोय, त्याची आईसुद्धा राजी आहे, आणि ही आजारी बिकाशकडे, अशोक कुमारकडे, बोटीवर धावत जाते. मलाही कित्येक वर्षं हा शेवट चिडवून गेला. पतिव्रतेचा जुनाच पाठ, असं वाटायचं. पुन्हा पाहताना लक्षात आलं की धावण्याआधी ती बराच वेळ फक्त ऐकते आहे. आधी बिकाशच्या सोबत्याकडून त्याच्या लग्नामागची हकिकत, मग घाटावर भरून राहिलेला एस. डी. बर्मन यांचा आवाज. तिचा निर्णय मला आजही पटत नाही. पण तो तिच्यावर लादलेला नाही, हे तिचा चेहरा मला पटवून देतो.

पुढचं थोडक्यात. 'मिलन', 'मैं तुलसी तेरे आँगन की' धरून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर. त्यांची बरोबरी पुढे केली ती तिच्या भाचीनेच, काजोलने. मग आयांच्या भूमिका, 'मेरी जंग', 'नाम'. दिलीपकुमारसोबत पडद्यावर यायला १९८६चा 'कर्मा' उजाडला, आणि फार उशीर झाला होता. २१ फेब्रुवारी १९९१ला कॅन्सरने ती गेली, चोपन्नाव्या वर्षी.

मधल्या काळातला एक सिनेमा मात्र असा उरकता येत नाही. 'सौदागर' (१९७३), सुधेंदू रॉय यांचा, नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरचा. महजबीन खजुराच्या रसाचा गूळ बनवते. मोती (अमिताभ बच्चन) तिच्याशी लग्न करतो ते तिच्या हातच्या गुळासाठी. त्या पैशांतून दुसरीच्या मेहेरची सोय झाली की तलाक. इथे नूतनचे कान नाहीत, हात पाहायचे. उकळता रस ढवळताना ती कढईकडे अशी पाहते की तिच्या कामाची किंमत कळायला आपल्याला दुसरं काही लागत नाही. नव्या बायकोला ते साधत नाही, गूळ बिघडतो, बाजारात मोतीची पत जाते. शेवटी तोच मोती रस घेऊन तिच्या नव्या संसाराच्या दारात येतो, बरोबर ती नवी बायको. महजबीन आधी संतापते. मग तिची नजर त्या दुसऱ्या बाईवर जाते, आणि मोती काय बोलतोय याकडे तिचं लक्ष उरत नाही.