वाहनांतील रडार आणि अंतरमापनाची अचूकता : वर्धा जिल्ह्यातील रस्त्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कापूस पिकविणाऱ्या वर्धा जिल्ह्यातून आज अतिवेगवान रस्ता जातो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. याउलट जाम व हिंगणघाट येथून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आणि तालुक्यांच्या रस्त्यांवर मोटार, मालट्रक, कापसाचा ट्रॅक्टर व बैलबंडी यांची वाट एकच असते.

या दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर आता रडार बसविलेल्या मोटारी धावू लागल्या आहेत. हे रडार समोरील वस्तूचे अंतर मोजते व धडकेची शक्यता दिसल्यास ब्रेक लावण्यास साहाय्य करते. यासंबंधीच्या संशोधनाचा मोठा भाग अंतरमापनाची अचूकता वाढविण्यास वाहिलेला आहे. ही अचूकता ज्या अर्थाने मोजली जाते, तो अर्थ येथील रस्त्यांना पुरेसा आहे काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मापनाचे तत्त्व व प्रगती

वाहनातील रडार सामान्यतः अखंड लहर सोडते व तिची वारंवारता ठरावीक गतीने बदलत नेते. परत आलेली लहर आणि त्याच क्षणी बाहेर पडणारी लहर यांच्या वारंवारतेतील फरकावरून अंतर काढले जाते. येथे दोन संकल्पना वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या ओळखण्याची शक्ती म्हणजे विभेदनक्षमता. मोजलेले अंतर खऱ्या अंतराच्या किती निकट आहे, ती अचूकता. विभेदनक्षमता पट्टारुंदीवर अवलंबून असते. २५० मेगाहर्ट्झ पट्टारुंदीत ती ६० सेंटिमीटर, १ गिगाहर्ट्झमध्ये १५ सेंटिमीटर, तर ४ गिगाहर्ट्झमध्ये पावणेचार सेंटिमीटर होते.

अचूकतेतील खरी झेप वेगळ्या ठिकाणी पडली. समोरील वस्तू सापेक्ष गतीत असल्यास डॉप्लर परिणामामुळे वारंवारतेत आणखी फरक पडतो व तो अंतराच्या हिशेबात मिसळतो. ७७ गिगाहर्ट्झच्या रडारसाठी ताशी १२० किलोमीटर सापेक्ष वेगाला हा फरक सुमारे १७ किलोहर्ट्झ असतो. १ गिगाहर्ट्झचा चढ १० मिलिसेकंदांत घेतल्यास या एका फरकाने अंतर सुमारे २६ मीटरने चुकते. म्हणून चढता व उतरता असे दोन्ही चढउतार वापरून चूक वजा करावी लागे. तोच चढ ५० मायक्रोसेकंदांत घेतल्यास चूक सुमारे १३ सेंटिमीटरवर येते. ही प्रगती निःसंशय मोलाची आहे.

सेंटिमीटरचे मोल

ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. विभेदनक्षमता ६० सेंटिमीटरवरून पावणेचार सेंटिमीटरवर आली, तर सुधारणा झाली ५६ सेंटिमीटरची. मोटार हे अंतर सुमारे १७ मिलिसेकंदांत कापते. उलट, दिसलेली वस्तू खरोखरच अडथळा आहे असा निर्णय घेण्यास अर्धा सेकंद अधिक लागल्यास १६ मीटरहून जास्त रस्ता संपतो. सेंटिमीटरांत कमावलेले निर्णयातील विलंबाने मीटरांत गमावले जाते. वाहने एकमेकांना खेटून उभी करताना किंवा वाहनाआडून निघणारा पादचारी वेगळा ओळखताना सूक्ष्म विभेदनक्षमतेचा उपयोग होतो, हे मान्य करावेच लागेल. परंतु वेगवान रस्त्यावरील धडकेचा प्रश्न तिने सुटत नाही.

अंतर कशाचे ?

रडार जे अंतर देते, ते लहर ज्या पृष्ठभागावरून जोराने परतते त्याचे असते. धडक मात्र सर्वांत पुढे आलेल्या कडेशी होते. मालट्रकच्या मागे दोन मीटर बाहेर आलेल्या लोखंडी सळयांची टोके रडारला क्षीण दिसतात आणि ट्रकची पाठ ठळक दिसते. कोरडा मोकळा कापूसही धातूच्या तुलनेत फारच थोडी लहर परतवितो. हिंगणघाटच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाडीबाहेर फुगलेल्या कापसाऐवजी तिच्या लोखंडी सांगाड्याचे अंतर मोजले जाण्याचा संभव असतो. लाकडी बैलबंडीची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. अशा वेळी यंत्राचे मापन सेंटिमीटरपर्यंत बिनचूक आणि चालकाच्या दृष्टीने दोन मीटरने चुकीचे असू शकते.

दिशा आणि निर्णय

दुसरी उणीव दिशेची आहे. ज्या रडारची कोनीय विभेदनक्षमता ४ अंश आहे, त्याला १०० मीटरवर ७ मीटरच्या आतील दोन वस्तू वेगळ्या करता येत नाहीत. एका मार्गिकेची रुंदी पावणेचार मीटरच्या आसपास असते. त्यामुळे ट्रक मार्गिकेत उभा आहे की कडेला, हे त्या अंतरावर खात्रीने सांगणे कठीण जाते. उंचीचे मापन नसलेल्या रडारला पूल, फलक व उभे वाहन यांतील भेदही कळत नाही. विनाकारण ब्रेक लागू नये म्हणून अनेक प्रणालींत स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करण्याची योजना असे. अंतर अचूक मोजले जाई, परंतु त्यावर विश्वास ठेवला जात नसे.

मागून होणारी धडक किती भीषण असते, हे १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर दिसून आले. मिनीबस मालट्रकवर मागून आदळली व १२ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस व मालट्रकांना स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक अनिवार्य करण्याचा मसुदा केंद्र शासनाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु चाचणीत मोटार व पादचारी यांच्याच प्रतिकृती ठेवल्या, तर बंडी व सळया कसोटीबाहेरच राहतील.

उपाययोजना

जिल्ह्यातील अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांना येथे कार्यक्षेत्र उपलब्ध आहे. बैलबंडी, म्हैस, कापसाची ट्रॉली व सळयांचा ट्रक यांच्या परावर्तनाची मोजणी ऋतुमानानुसार करता येईल. ओला कापूस व कोरडा कापूस यांतील फरकही नोंदविता येईल. संशोधनात सरासरी चुकीसोबत धडकणाऱ्या कडेपर्यंतच्या अंतराची चूक स्वतंत्रपणे द्यावी.

दुसरा उपाय अल्पखर्चाचा आहे. परस्परांशी काटकोनात जोडलेल्या तीन धातूपत्र्यांचा कोपरा आलेली लहर आल्या दिशेने परत पाठवितो. १० सेंटिमीटर बाजूच्या अशा कोपऱ्याचे परावर्तन ७७ गिगाहर्ट्झला सिद्धांतानुसार सुमारे २७ चौरस मीटर भरते, म्हणजे ते मोटारीच्या तोडीचे असते. पत्रे सपाट व कोन बिनचूक हवेत, एवढीच अट आहे. तो बंडीच्या मागील टोकाला लावल्यास रडारला बंडी आणि तिची कड दोन्ही दिसू लागतील. स्थिर वस्तू वगळणाऱ्या प्रणालीत मात्र एवढ्याने भागणार नाही.

समारोप

वाहन-रडारच्या अंतरमापनातील प्रगती नाकारण्याचे कारण नाही. तथापि किती अंतर या प्रश्नाचे उत्तर जितके सूक्ष्म झाले, तितके कशाचे अंतर व कोणत्या मार्गिकेत या प्रश्नांचे झालेले नाही. प्रयोगशाळेतील धातूच्या लक्ष्यावर सिद्ध झालेली अचूकता रात्री दिव्याविना चाललेल्या बंडीपर्यंत पोहोचेल, तेव्हाच ती अचूकता म्हणविण्यास पात्र ठरेल. बंडीवर बसलेल्या शेतकऱ्याच्या जिवाचा प्रश्न त्या शेवटच्या दोन मीटरांत आहे.